डावीकडचा डोंगर

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज माझ्या हातून माझ्या शिष्येला, चिनात्सुला, लागलं. तलवार लाकडी होती म्हणून भुवईवर निभावलं. दोन टाके पडले.

सातवा डाव चालू होता. त्यात मी वरून कपाळावर घाव घालतो, ती अर्धं पाऊल मागे सरते आणि माझं टोक तिच्या कपाळापासून चार बोटांवरून खाली जातं. मग ती पुढे येऊन माझ्या मनगटावर आपलं पातं ठेवते आणि मी हरतो. आमच्या घराण्यात थोरल्याने घाव घालायचा आणि हरायचं, धाकट्याने जिंकायचं. अकरा वर्षं आम्ही दोघं हा डाव आठवड्यातून तीनदा करतोय. चार बोटांची कधी तीन झाली नव्हती.

ती गुडघ्यावर बसली, भुवई दाबून धरली आणि मलाच म्हणाली, "माफ करा वस्ताद, मीच उशीर केला."

केलाही असेल. १९८९ साली मलाही असंच लागलं होतं, माझ्या गुरूंच्या, हारायामा वस्तादांच्या हातून, केसांच्या कडेला. खूण अजून आहे. तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. त्यानंतर तीन आठवडे वस्तादांनी तलवारीला हात लावला नव्हता आणि मी समजत होतो की माझ्या चुकीची ते मला शिक्षा देताहेत.

पण आज तिने उशीर केलेला मी पाहिला नाही. खरं लिहायचं तर मी काहीच पाहिलं नाही. ती होती, मग नव्हती, मग लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज आला. 

चौदा एप्रिलला देवळात हजेरी आहे, देवासमोर डाव करून दाखवायचे. तिथे थोरल्याच्या हातात खरी तलवार असते.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

किटली सांडली. शेगडीवर डावीकडे होती. चाळीस वर्षं ती तिथेच असते, तरी आज माझ्यापुरती ती तिथे नव्हती.

तोकिए-सान धावत आल्या. धावत म्हणजे त्यांच्या एक्क्याण्णवाव्या वर्षात जितकं धावता येतं तितकं. त्या हारायामा वस्तादांच्या पत्नी; त्यांच्या मागे तालमीशेजारच्या घरात एकट्या राहतात, आणि तालमीत काय पडलं ते त्यांना आधी कळतं. "हे काय हे, वाउता! अडुसष्ट वर्षांचा घोडा झालास, अजून चहा धड करता येत नाही!" त्यांनी माझ्या नावाचा शेवटचा 'र' कधीही उच्चारलेला नाही. मी सत्तावीस वर्षांचा असताना हॉलंडहून आलो तेव्हाही असंच ओरडायच्या.

मी म्हटलं, कोपर लागलं. त्यांनी फडकं घेतलं. पुसता पुसता माझ्याकडे बघत राहिल्या.

२ मार्च, शनिवार

चिनात्सु टाके काढून आली. कपाळाला पांढरी पट्टी बांधली होती. जखम भरली आहे, मग पट्टी कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "सवय झाली." पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला असल्या सवयी लागतात की काय कोण जाणे.

दुसरी वाईट सवय त्याहून मोठी. पाय घासते! पुढे येताना लाकडावर खर्रकन पाय ओढते, आणि घाव चुकवताना टाच आपटते. अकरा वर्षं मांजरासारखी चालणारी मुलगी. मी दोनदा थांबवून रागावलो. "हो वस्ताद" म्हणाली आणि तिसऱ्यांदा आणखी जोरात आपटली. जखमेची धास्ती घेतली असेल बिचारीने. भीती माणसाच्या पायात आधी उतरते.

ओगिसोने तालमीच्या जमिनीवर पांढरी चिकटपट्टी मारून ठेवली आहे, डावीकडच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हा माणूस पन्नास वर्षं गावाचा न्हावी होता, माझेही केस तोच कापतो. आता निवृत्त होऊन तालमीला येतो आणि जीभ चालवतो. मी विचारलं हे काय, तर म्हणे फळ्या भेगाळल्यात, कुणाच्या पायात कुसळ जायला नको. मला तर फळ्या ठीक वाटल्या.

आणि तोकिए-सानांनी काळी लोखंडी किटली उचलून नेली आणि एक पांढरी, एनॅमलची आणून ठेवली. म्हणे काळी गळते. सगळं गाव जुन्या वस्तू मोडीत काढायला निघालंय.

११ मार्च, सोमवार

शेवटी शहरात जाऊन डोळे दाखवले. कुणाला सांगितलं नाही. आगगाडीत शेजारी गावातलं कुणी भेटेल म्हणून टोपी खाली ओढून बसलो. सहा फूट उंचीचा, पांढऱ्या दाढीचा एकच माणूस या सगळ्या खोऱ्यात आहे, त्याने टोपी ओढून काय होणार.

एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात. हातात बटण देतात. ठिपका चमकला की बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला बरं चाललं. मग उजवा झाकून डावा उघडा ठेवला. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसलो. एक ठिपका आला. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. मी विचारलं, "मशीन बंद पडलं का?"

परिचारिका म्हणाली, "नाही हो, चालू आहे."

 तलवारीच्या टोकासमोर मी आयुष्य काढलं, पण त्या घुमटात बसून, न येणाऱ्या ठिपक्यांची वाट बघत मी जितका घाबरलो, तितका कधीच घाबरलो नव्हतो.

काचबिंदू. डावा जवळजवळ गेला आहे, उजवाही कडेने चालला आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. "अंतराचा अंदाज चुकेल," म्हणाल्या. "जिना उतरताना जपा. गाडी चालवू नका. आणखी काही करता का, हाताने, नेमकं?"

मी म्हटलं, "बागकाम."

१२ मार्च, मंगळवार

तालीम बंद ठेवली. सर्दी झाली असं सांगितलं.

२० मार्च, बुधवार

सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक. बाटली मोरीवरच्या फळीवर ठेवली. हारायामा वस्तादांचीही एक बाटली तिथेच असायची. शेगडीच्या धुराने डोळे चुरचुरतात म्हणायचे. त्यांना जाऊन आता एकोणीस वर्षं होतील.

हजेरीला नकार द्यावा का, याचा विचार करतोय. देवासमोर घाव घालण्याचा अधिकार एकट्या गुंडाळीवाल्याचा. घराण्याची ती जुनी हस्तलिखित गुंडाळी माझ्याकडे आहे म्हणून मी वस्ताद. ती दुसऱ्याला दिली की मी वस्ताद नाही. मग मी कोण? इथला नाही, तिथलाही उरलो नाही. वस्ताद गेले त्या वर्षी गावात दोन-तीन तोंडं म्हणाली होती, परदेशी माणसाच्या हाती घराणं गेलं, बुडणार. ती तोंडं आता देवळामागच्या मातीत आहेत, पण मला अजून ऐकू येतात.

आणि न दिली तर? चौदा तारखेला खरी तलवार घेऊन मी त्या मुलीच्या कपाळावर घाव घालणार. चार बोटं म्हणजे किती हे मला आता माहीत नाही. सकाळी दात घासताना पेस्ट ब्रशच्या शेजारून खाली पडली.

मी भित्रा आहे. आंधळा होण्यापेक्षा बिनकामाचा होण्याला जास्त भितो, आणि त्या भीतीपायी दुसऱ्याचं कपाळ पुढे करतोय. हे लिहिताना लाज वाटते. तरी उद्या कुणाला सांगेन असं वाटत नाही.

३१ मार्च, रविवार

आज खरी तलवार काढली. सातव्या डावाला उभे राहिलो. डावाच्या आधी दोघांनी मान डावीकडे वळवायची असते. आमच्यात त्याला 'डोंगर बघणं' म्हणतात. तालमीत डावीकडे भिंत आहे, पण देवळात ओन्ताके डोंगर दिसतो. मी यावर पुष्कळ बोललो आहे. मारणाऱ्याने आणि मरणाऱ्याने आधी आपल्याहून मोठं काहीतरी बघावं, अहंकार तिथे ठेवावा, वगैरे. शहरातल्या सभागृहात तासभर व्याख्यान दिलं होतं. दर उन्हाळ्यात हॉलंडला जाऊन शिकवतो तिथे चाळीस माणसं मान वळवतात, आणि त्या देशात टेकडीसुद्धा नाही. चिनात्सुची मान पुरेशी वळत नव्हती म्हणून पहिली दोन वर्षं मी तिला 'डोंगर बघ, डोंगर बघ' म्हणत नुसतं तेवढंच करायला लावलं होतं.

गंमत म्हणजे मान वळवली की हल्ली मला ती जरा बरी दिसते. पांढरी पट्टी तरी दिसते.

तलवार डोक्यावर नेली. खाली आणवेना. तिथेच, वर, हात गोठले. ती हलली नाही. डोळेही मिटले नाहीत तिने. घामाचा एक थेंब माझ्या कोपरावरून जमिनीवर पडला तो ऐकू आला.

"पातं पुसायचंय," असं काहीतरी म्हणून मी तलवार म्यान केली.

ओगिसो दारात उभा राहून म्हणाला, "वस्ताद, पुसून पुसून पात्याचा चमचा व्हायचा." एरवी त्याच्या विनोदाला सगळे हसतात. आज तोही हसला नाही.

७ एप्रिल, रविवार

स्वप्न पडलं. लिहीत नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

सकाळी उठून ठरवलं आणि बुद्धी फिरायच्या आत तोकिए-सानांकडे गेलो. त्या ओसरीवर बसून सुंकीचं, म्हणजे सलगमाच्या पाल्याचं, लोणचं चिरत होत्या. मी समोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून सांगितलं, माझा डावा डोळा गेला, उजवा चाललाय, परवाची हजेरी मला जमणार नाही, चिनात्सु माझ्या हातून मरेल. थोरल्या वस्तादांचं घराणं मी बुडवलं.

सुरी चालत राहिली. मग त्या म्हणाल्या, "ऊठ. चटई ओली आहे, कपाळाला डाग पडेल."

मी उठलो नाही.

"वाउता, तू किटली सांडलीस त्याच्याही आधीपासून मला माहितीये. त्या पोरीला माहितीये, न्हाव्याला माहितीये. त्याने पांढरी पट्टी कशाला चिकटवली? भिंतीवर आपटू नयेस म्हणून. पांढरी किटली मी कशाला आणली? काळी काय गळत होती?"

 चिनात्सुचे पाय आठवले. तिची पट्टी आठवली. मी तिला रागावलो होतो. दोनदा नाही, रोज.

"तुम्ही... कुणी बोलला का नाहीत?"

"तू बोलला नाहीस, मग आम्ही कसं बोलावं?" या गावात हे उत्तर आहे. दुसरं मिळत नाही.

मग त्यांनी सुरी खाली ठेवली. "आमचे हे. त्यांचा डावा डोळा पंचावन्नाव्या वर्षी गेला. तू आलास त्याच्या तीन वर्षं आधी. मान अशी वळवल्याशिवाय त्यांना समोरचा माणूस दिसायचाच नाही."

मला कळायला वेळ लागला. "डोंगर बघणं?" मी म्हटलं.

"कसला डोंगर! कुणीतरी विचारलं, मान का वळवता, तर म्हणाले डोंगर बघतो. तूच ते सगळीकडे सांगत सुटलास. माझ्या तर हसून हसून पोटात दुखायचं. ते म्हणायचे, राहू दे, पोरगं मनापासून करतंय."

मी तिथेच बसून राहिलो. चाळीस वर्षं! एका आंधळ्या डोळ्याची अडचण मी धर्म म्हणून शिकवली. हॉलंडातल्या सपाट रानात चाळीस माणसं माझ्या वस्तादांच्या काचबिंदूला नमस्कार करताहेत. आणि केसांतली माझी खूण. मीही उशीर केला नव्हता.

खरी भीती मला तेव्हा वाटली, आजवरच्या सगळ्या भीतींच्या तळाशी असलेली. मी विचारलं, "मग त्यांनी मला का ठेवलं? तेव्हा दारात अकरा जण होते. सगळे इथले, सगळे माझ्याहून चांगले. मला वाटत होतं, माझ्यात काहीतरी पाहिलं त्यांनी."

तोकिए-सान हसल्या. दात फार उरलेले नाहीत. "पाहिलं? ऐकलं! तुझे हे एवढाले पाय. तू ओसरीवर चढलास तर स्वयंपाकघरातल्या बशा वाजायच्या. बाकीचे अकरा मांजरासारखे चालायचे, ते कुठे आहेत हे यांना कळायचंच नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, हा माझ्या हातून मरणार नाही, हा मला ऐकू येतो."

पहिल्या हिवाळ्यात मी चार महिने हलकं चालायला शिकलो होतो, आणि वस्ताद भडकून ओरडले होते, "पाय वाजव! चोर आहेस का?" मला वाटलं होतं, परदेशी म्हणून हिणवताहेत. त्या रात्री मी रडलो होतो.

आज पुन्हा रडलो. तोकिए-सानांनी लोणच्याची वाटी पुढे सरकवली. उजवीकडून.

१३ एप्रिल, शनिवार

चिनात्सुला तालमीत बोलावून सगळं सांगितलं. डोळा, थेंब, डोंगर, सगळं. मग गुंडाळी आणि लांब तलवार तिच्यापुढे ठेवली. "उद्या घाव तू घालायचास."

रीतीप्रमाणे तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदाही नाही म्हटलं, ते रीतीत नाही.

"आणि तुम्ही, वस्ताद?"

"मी धाकटा. एकोणीस वर्षांनी पुन्हा जिंकणार."

"खरं पातं आहे. तुम्हाला दिसणार नाही."

"पाय वाजव," मी म्हटलं. "आणि पट्टी बांध."

ती रडत होती, पण तलवार उचलताना दोन्ही हात स्थिर होते. मी म्हटलं, आता मान वळवायची गरज नाही, तुझे डोळे चांगले आहेत. "हो वस्ताद," म्हणाली. उद्या मेलो तर मेलो, पण निदान माझ्या हातून कुणी मरणार नाही. हे वाक्य शूर दिसतं. लिहिणारा शूर नाही, मघापासून तीनदा मोरीवर जाऊन आलाय.

१४ एप्रिल, रविवार, दुपार

आत्ताच लिहिलं पाहिजे.

देवळाच्या चौथऱ्यावर चढलो. देवदारांच्या सावलीत बर्फ होता. लोक काठीवरचे भाजलेले भातगोळे खात होते. ओगिसो पहिल्या रांगेत, आणि त्याच्या शेजारी तोकिए-सान, ज्या सहा वर्षांत त्या पायऱ्या चढल्या नव्हत्या. लांब तलवार चिनात्सुच्या हातात दिसली तेव्हा गर्दीत कुजबूज झाली आणि मग भटजींच्या पंख्याचाही आवाज येईना.

माझ्याकडे लाकडी आखूड तलवार. मी मान डावीकडे वळवली. उजव्या डोळ्यात ती आली, पट्टीसकट. आणि मी पाहिलं की तिनेही मान वळवली आहे. पुरती, मी शिकवली तशी.

मग ती निघाली. ठप. ठप. त्या चौथऱ्यावर असा आवाज हारायामा वस्तादांच्या वेळी फक्त मीच केला असेन. पातं वर गेलं आणि देवदारांच्या काळ्यात मिसळून नाहीसं झालं. माझ्यासमोर काही नव्हतं. पळून जावंसं वाटलं, अगदी पायातून. तिसरी ठप आली, टाचेची, जड, मुद्दाम, आणि मी अर्धं पाऊल मागे सरलो. नाकावर वारा लागला. पुढे आलो, लाकूड तिच्या मनगटावर ठेवलं.

चार बोटं होती, असं ओगिसो म्हणतो. "पण चाल काय ती! लग्नातला दारू प्यालेला घोडा बरा."

१६ एप्रिल, मंगळवार

आज मी तालमीत गेलो तेव्हा चिनात्सु थोरल्याच्या जागी बसली होती आणि अवघडली होती. मी धाकट्याच्या जागी बसलो. बरं वाटलं नाही, वाईटही नाही. उजव्या डोळ्याची भीती आहेच. ती माझ्याबरोबर म्हातारी होईल.

मी विचारलं, "परवा मान का वळवलीस? सांगितलं होतं ना, त्यात काही नाही म्हणून."

"तुम्ही मान वळव असं कधी म्हणालाच नव्हतात, वस्ताद. डोंगर बघ म्हणाला होतात. मी बघते. अकरा वर्षं बघते."

 मी आयुष्यभर मान वळवली, पण लक्ष कायम समोरच्या पात्यावर. डोळे चांगले होते तेव्हाही डोंगर एकदाही बघितला नाही. मला तो देवळातून कसा दिसतो हे सांगता येणार नाही.

"काय दिसलं?" मी विचारलं.

ती जरा लाजली. मग सांगायला लागली, पोस्टात पत्ता वाचून दाखवावा तसं सावकाश. माथ्यावर अजून सगळं पांढरं आहे. उजव्या खांद्याला बर्फ फाटून खाली काळा दगड उघडा पडलाय. मधल्या घळीतून वाफ निघते, ती सकाळी सरळ वर जाते. पायथ्याशी कुणाच्या तरी शेतात आग लावलीय, गवत जाळताहेत.

तिचं सांगून झालं. मी म्हटलं, "पुन्हा सांग."